टर्फचे दिवे अर्ध्या तासाने विझतात आणि आपोआप लागतात: खांबावर चढण्याआधी काय बघायचं

लक्षणं आधी सांगतो, तुमच्याकडे हेच होतंय का ते ताडून बघा.

संध्याकाळी सातला दिवे लावले, सगळे लख्ख. साडेसात-पावणेआठला एका खांबावरचे दोन किंवा चारही दिवे विझतात. पाच-दहा मिनिटांनी कोणी हात न लावता परत येतात. रात्री अकरापर्यंत हा खेळ तीन-चार वेळा. दुसऱ्या दिवशी सकाळी वायरमन येतो, बटण दाबतो, दोन मिनिटं बघतो, सगळं ठीक. तो त्याचे पैसे घेऊन जातो आणि संध्याकाळी पावणेआठला पुन्हा तेच.

मी इंदूरमध्ये मैदानांच्या दिव्यांची कामं करतो. बायपासकडची बॉक्स क्रिकेटची टर्फं, दोन-तीन बॅडमिंटन हॉल, आणि सुदामा नगर, लोकमान्य नगर भागातल्या आपल्या मंडळांच्या गणपतीतल्या स्पर्धा. फोन बहुतेक रात्री साडेनऊच्या पुढे येतो. "दादा, परत गेली बघा लाइट. दोन नंबरचा खांब. पोरं पैसे परत मागतायत." हा एकच बिघाड मी इतक्यांदा दुरुस्त केलाय की आता फोनवरच दोन प्रश्न विचारून निम्मं निदान होतं. ते प्रश्न इथे लिहून ठेवतो.

मुद्दा असा, की दिवे लावल्यावर लगेच बिघाड न होता अर्ध्या तासाने होतो, म्हणजे काहीतरी तापतंय. थंड असताना चालतं, तापल्यावर सोडतं, निवलं की परत धरतं. सकाळी दोन मिनिटांत तपासणाऱ्याला ते कधीच सापडणार नाही. कुठे तापतंय एवढंच शोधायचं. जागा तीनच: दिव्याच्या आत, जोडात, नाहीतर पॅनेलमध्ये, म्हणजे स्विच-फ्यूजच्या मुख्य पेटीत. लोक सुरुवात दिव्यापासून करतात, कारण तो दिसतो. माझ्या अनुभवात दिवा बहुतेक वेळा निर्दोष असतो.

वही आणि पेन

पहिली तपासणी फुकटची आहे आणि तीच सगळे टाळतात. तीन रात्री लिहून ठेवा: दिवे किती वाजता लावले, कोणते विझले, किती वाजता, परत यायला किती मिनिटं लागली, पाऊस होता का. खांबांना नंबर द्या, खांबावरच्या दिव्यांना डावीकडून नंबर द्या.

हे का, तर "कोणते दिवे एकत्र विझतात?" हा माझा पहिला प्रश्न, त्यावरून जागा कळते. दर वेळी तोच एक दिवा जात असेल तर दोष त्या दिव्यात किंवा त्याच्याच वायरमध्ये. एका खांबावरचे सगळे एकदम जात असतील तर सगळ्यांचे ड्रायव्हर (एलईडीला हवा तसा करंट पुरवणारं सर्किट) एकाच क्षणी बिघडणार नाहीत; दोष खांबाच्या बुडाशी किंवा त्या खांबाच्या केबलमध्ये. आणि वेगवेगळ्या खांबांवरचे, पण दर वेळी तेच ठरावीक दिवे जात असतील, तर ते बहुधा एकाच फेजवर, म्हणजे वीज आणणाऱ्या तीन तारांपैकी एकीवर आहेत. मग खांब विसरा, पॅनेलकडे चला.

एक वेगळं लक्षण: दिवा विझत नाही, नुसता मंद होतो आणि तासाभरात निम्म्यावर येतो. चांगल्या प्रतीचा एलईडी ड्रायव्हर फार तापला की स्वतःला वाचवायला प्रकाश कमी करतो. हा बिघाड नाही, तक्रार आहे. आणि दिवा दर दोन-तीन सेकंदांना लुकलुकत असेल, तर ड्रायव्हर चालू व्हायचा प्रयत्न करतोय आणि त्याला जमत नाहीये. तिथे ड्रायव्हर किंवा एलईडीची प्लेट गेली असं धरून चाला आणि खालच्या बऱ्याच पायऱ्या गाळा.

पंखा काय म्हणतो

दुसरा प्रश्न मी हा विचारतो: "मैदानाचे दिवे लावल्यावर ऑफिसातला पंखा जोरात फिरतो का?"

लोक हसतात. पण बायपासजवळच्या एका टर्फवर मालकाने चहा पिताना सहज सांगितलं होतं, की संध्याकाळ झाली की इथे पंख्याला काय हवा येते! मे महिन्यात इंदूरची संध्याकाळ कितीही छान असली तरी पंख्याचा वेग वाढत नाही. त्याच्याकडे तीन महिन्यांत दोन फोनचे चार्जर आणि एक छोटा फ्रिज जळला होता. त्याचा आणि दिव्यांचा संबंध कोणी लावला नव्हता.

त्याच्याकडे सैल झाला होता न्यूट्रल, म्हणजे तिन्ही फेजची सामायिक परतीची तार. तीन फेजच्या पुरवठ्यात प्रत्येक दिवा एका फेज आणि न्यूट्रलच्या मध्ये असतो, 230 व्होल्टवर. न्यूट्रल घट्ट आहे तोवर तिन्ही फेजना हे 230 सारखं मिळतं. तो सैल झाला की मधला बिंदू सरकतो: जिथे लोड जास्त तिथे व्होल्टेज पडतं, जिथे कमी तिथे चढतं. त्या रात्री सगळे दिवे चालू असताना माझ्या मीटरवर तीन फेजना न्यूट्रलशी 171, 254 आणि 276 आलं. पण फेज-फेज मोजलं तर तिन्हीकडे 400च्या आसपास, अगदी शहाण्यासारखं. ज्याने फक्त फेज-फेज मोजलं त्याने "सप्लाय एकदम ओके" सांगून घर गाठलं असणार.

एलईडी ड्रायव्हर व्होल्टेजचा हा चढउतार बराच काळ गिळतो, प्रकाशात फरक दिसत नाही. हद्द ओलांडली की बंद पडतो, पुरवठा सावरला की परत लागतो. पंखा बिचारा मात्र लगेच सांगतो. म्हणून पैसे खर्च करण्याआधी पंखा, ऑफिसातला बल्ब, स्कोअरबोर्ड यांच्याकडे लक्ष द्या. दिवे लावताच यांतलं काही बदललं, तर पुढच्या पायऱ्या स्वतः करू नका. थेट इलेक्ट्रिशियनला बोलवा आणि तोवर फ्रिज, संगणक, साउंड सिस्टिम यांचे प्लग काढून ठेवा.

खालून दिसणारी उष्णता

पंखा शांत असेल तर आता वर बघा, पण जमिनीवरूनच. मोबाइलच्या कॅमेऱ्याने झूम करा.

दिव्याच्या मागे ज्या धातूच्या पट्ट्या असतात त्या शोभेच्या नाहीत. दिव्याची उष्णता त्यांतून हवेत जाते. तिथे कबुतराचं घरटं, धुळीचा थर, जाळीचा गुंडाळलेला कपडा असं काहीही मी पाहिलंय. एकदा तर वाढदिवसाचं फ्लेक्स थेट दिव्यांच्या पाठीला बांधलं होतं, शुभेच्छुकांच्या सोळा फोटोंसकट. फ्लेक्स काढलं, दिवे सुधारले. ड्रायव्हरमधल्या इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटरचं आयुष्य तापमान 10 अंशांनी वाढलं की साधारण निम्मं होतं. म्हणजे घरटं नुसतं दिवा विझवत नाही, ड्रायव्हरचा जीवही घेत असतं.

ड्रायव्हर वेगळ्या पत्र्याच्या पेटीत असतील तर ती पेटी दिवसभर उन्हात असते का तेही बघा. पश्चिमेच्या उन्हात भाजलेली पेटी सातला दिवे लावताना आधीच गरम असते. खांबाच्या पूर्वेच्या बाजूला हलवली तर पुष्कळदा तेवढंच पुरतं.

काच धुळीने आणि पावसाळ्यातल्या किड्यांनी माखलेली असेल तर प्रकाश कमी पडतो, मग मालक आणखी दोन दिवे लावतो. "होळकर स्टेडियमसारखं पाहिजे" हे मी दर महिन्याला ऐकतो. सेहवागने 2011च्या डिसेंबरमध्ये तिथे 219 केले ते सगळ्यांच्या डोळ्यांपुढे असतं. अहो, तिथे टीव्हीच्या कॅमेऱ्यांसाठी प्रकाश असतो. ईएन 12193 या युरोपीय मानकात मधल्या पातळीच्या फुटबॉल सामन्याला 200 लक्स (प्रकाशाचं माप) पुरेसे धरलेत, सरावाला 75. रात्री खेळून सराफ्याच्या खाऊगल्लीत भुट्ट्याचा कीस खायला जाणाऱ्या पोरांना त्याहून जास्त कशाला हवं? जास्तीचे दिवे त्याच जुन्या केबलवर चढतात आणि जो जोड आधी पावणेआठला सोडत होता तो आता सव्वासातला सोडतो.

टायमर आणि कॉन्टॅक्टर

पॅनेल न उघडता, फक्त जवळ उभं राहून ऐका. दिवे जाताना आतून 'खट्' आवाज आला तर कॉन्टॅक्टरच सुटतोय, म्हणजे कॉइलच्या चुंबकाने दिव्यांची लाइन जोडणारा मोठा स्विच. मग दोष टायमरमध्ये, कॉइलमध्ये किंवा कॉइलला मिळणाऱ्या व्होल्टेजमध्ये. टायमरची बॅटरी संपली असेल तर लाइट गेल्यावर त्याचं घड्याळ मागे पडतं. ते आधी बघा, फुकट आहे. सतत 'घर्रर्र' आवाज येत असेल तर कॉइलला व्होल्टेज कमी पडतंय किंवा चुंबकाच्या तोंडावर धूळ बसलीय. अशा कॉन्टॅक्टरचे कॉन्टॅक्ट हळूहळू भाजतात. आवाज काहीच आला नाही, तर दोष कॉन्टॅक्टरच्या पुढे आहे.

इथून पुढे फक्त वायरिंगची सवय असलेल्याने

टर्फ चालवणाऱ्याने, मॅनेजरने, "मला थोडं जमतं" म्हणणाऱ्या भाच्याने इथे थांबायचं. यापुढचं वाचा, म्हणजे इलेक्ट्रिशियन काय करतोय ते कळेल.

मोजमाप दिवे किमान 40 मिनिटं चालू राहिल्यावर घ्यायचं. फेज-फेज तीन, फेज-न्यूट्रल तीन, न्यूट्रल-अर्थ एक, आणि क्लॅम्प मीटरने तिन्ही फेजचा व न्यूट्रलचा करंट. असे अकरा आकडे. आधी पॅनेलमध्ये, मग विझणाऱ्या खांबाच्या बुडाशी. पॅनेलमध्ये ठीक आणि खांबाशी बिघडलेलं असेल तर दोष त्या दोघांच्या मध्ये. मेन कटआउटपाशीच बिघडलेलं असेल आणि मीटरच्या अलीकडे काही सापडत नसेल, तर ते आपलं कामच नाही; वीज कंपनीच्या 1912 या नंबरवर तक्रार नोंदवा.

न्यूट्रलचा करंट बघून नवे लोक चक्रावतात. पुस्तकात शिकलेलं असतं, की तिन्ही फेजवर सारखा लोड असेल तर न्यूट्रलमध्ये शून्य. पंखे-हीटरच्या बाबतीत खरं आहे. पण स्वस्त ड्रायव्हर करंट सरळ लाटेत न घेता झटक्या-झटक्याने घेतात, त्यातून 150 हर्ट्झचा तिसरा हार्मोनिक तयार होतो, आणि तिन्ही फेजचे हे तिसरे हार्मोनिक एकमेकांना न मारता न्यूट्रलमध्ये बेरीज होऊन येतात. लोड अगदी समतोल, तरी न्यूट्रल फेजइतकाच गरम. आणि आपल्याकडे टाकलेली असते साडेतीन कोरची केबल! त्यातला तो 'अर्धा' म्हणजे न्यूट्रलच. जुन्या काळात ठीक होतं. एलईडीच्या मैदानाला मी चार कोर, सगळ्या सारख्या जाडीच्या, याशिवाय टाकत नाही. महाराणी रोडवर केबल घेताना दुकानदार साडेतीन कोर पुढे करेल, स्वस्त पडते म्हणेल. नको म्हणा.

मग मेन बंद करून, कुलूप लावून, किल्ली खिशात टाकून, टेस्टर नव्हे तर मीटरने पुरवठा नाही याची खात्री करून, प्रत्येक जोड बघायचा. इथे एक गोष्ट ठासून सांगतो: एक पोलचा एमसीबी पाडला तरी न्यूट्रल जोडलेलाच असतो, आणि चालू लोडवर सुटलेल्या न्यूट्रलच्या टोकाला पूर्ण व्होल्टेज येतं. "न्यूट्रलला काय होतंय" म्हणून हात लावणारे लोक मी हॉस्पिटलात पाहिलेत.

त्या पंखेवाल्या टर्फवर दोष दोन नंबरच्या खांबाच्या बुडाच्या पेटीत निघाला. झाकण उघडताच आधी वास आला, जळक्या प्लास्टिकचा, थोडा माशासारखा. न्यूट्रलच्या वायरीचं काळं इन्सुलेशन टोकापासून बोटभर कडक होऊन तडकलं होतं. ॲल्युमिनियमची केबल थेट पितळी टर्मिनलमध्ये खुपसून स्क्रू आवळला होता, लग (केबलच्या टोकाला दाबून बसवायची धातूची टोपी) नाही. तारांवर पांढरी पूड. मी चिमटीत धरून हलवलं तर सात तारांपैकी चार तिथेच तुटून हातात आल्या. म्हणजे सगळ्या मैदानाचा न्यूट्रल, कारण पुढचे दोन्ही खांब आणि ऑफिसही याच पेटीतून लूप केलेले, तीन तारांवर चालला होता.

ॲल्युमिनियम दाबाखाली हळूहळू सरकतं, तापून-निवून आणखी सैल होतं, त्यावर ऑक्साइडचा थर चढतो आणि तो वीज नेत नाही. तांबं-पितळेशी थेट गाठ पडली आणि ओल लागली की ते झिजतंही. म्हणून ॲल्युमिनियम केबलला योग्य मापाचा बायमेटल (ॲल्युमिनियम-तांबं जोडलेला) लग, आत पेस्ट, आणि पक्कडीने चेचलेला नव्हे तर क्रिंपिंग टूलने दाबलेला. लगचा खर्च काही रुपयांचा. त्या मालकाने त्याआधी पाच नवे ड्रायव्हर बदलून घेतले होते.

पेटीत पाणी, मुंग्यांचं वारूळ, टेपने गुंडाळलेले जोड आणि वाळलेली पाल हे नेहमीचे पाहुणे. केबलचं तोंड पेटीत खालून यावं, ग्लँड (केबल आवळून धरणारी चकती) घट्ट असावी, आणि वर दिव्यात शिरण्याआधी केबलला खाली एक झोळ द्यावा म्हणजे पाऊस तिथून ठिबकून जातो.

दिव्यावर संशय उरलाच तर

एवढं करून एकच दिवा त्रास देत असेल, तर त्याची आणि शेजारच्या चांगल्या दिव्याची जागा बदलायची. बिघाड दिव्याबरोबर गेला तर दिवा दोषी, जागेवरच राहिला तर वायर. नवा ड्रायव्हर विकत घेण्याआधी ही अदलाबदल करा. ड्रायव्हर बदलताना फक्त वॅट जुळवू नका, आउटपुटचा करंट आणि व्होल्टेजची मर्यादा जुन्याच्या पाटीवरून जुळवा.

जुन्या हॉलमध्ये अजून मेटल हॅलाइड किंवा सोडियम असतील तर नियम थोडे वेगळे. क्षणभर लाइट गेली तरी हे दिवे गरम असताना लगेच पेटत नाहीत; मेटल हॅलाइड दहा-पंधरा मिनिटं घेतो, सोडियम एक-दोन मिनिटं. तो स्वभाव आहे. पण लाइट न जाता दिवा विझतो, निवतो, पेटतो, पुन्हा विझतो, हे म्हातारपण. नळीला लागणारं व्होल्टेज वाढत जातं आणि चोकला (दिव्याचा करंट आवरणाऱ्या कॉइलला) ते पुरवता येत नाही. सोडियममध्ये हे हमखास दिसतं. आधी लॅम्प बदला, मग इग्नायटर (दिवा पेटवायला झटका देणारा भाग), मग कपॅसिटर, शेवटी चोक.  कपॅसिटर मेला तरी दिवा लागतो, म्हणून कोणी बघत नाही. पण 400 वॅटचा दिवा मग लाइनमधून दोन-सव्वादोनऐवजी तीनच्या वर अँपिअर ओढतो आणि पुन्हा आपला तो जोड तापतो. मेटल हॅलाइडची बाहेरची काच फुटली आणि आतली नळी जळत राहिली, तर तो दिवा तत्काळ बंद करा. त्यातून निघणारे अतिनील किरण डोळे आणि कातडी भाजतात, खेळणाऱ्याला घरी गेल्यावर कळतं.

इथे थांबा

खांबाला हात लावल्यावर झिणझिण्या आल्या तर तपासणी नाही, मैदान रिकामं करा आणि मेन पाडा. कोणी "चप्पल घालून हात लाव" म्हटलं तरी नाही. आपल्या काळ्या मातीत उन्हाळ्यात भेगा पडतात, अर्थच्या सळईभोवतीची माती सुटते, आणि मग गळतीचा करंट जमिनीत नीट उतरत नाही. अर्थिंग मोजायला वेगळं यंत्र लागतं. मीठ-कोळसा टाकून पाणी ओतलं म्हणजे मोजलं असं होत नाही.

एमसीबी किंवा ईएलसीबी (गळतीचा करंट ओळखून लाइन तोडणारा) एकदा पडला तर एकदाच उचला. दुसऱ्यांदा पडला तर परवानाधारक ठेकेदार. मोठ्या क्षमतेचा एमसीबी बसवून पडणं बंद करणाऱ्याला पुन्हा बोलवू नका. पॅनेलमधून वास, झाकण हाताला चटका देईल इतकं गरम, फेज-न्यूट्रल 260च्या वर, पॅनेलमध्ये पाणी: यांतलं एकही असेल तरी तेच. आणि उंचीचं काम, मग ते शिडीवरचं असो की विंचवर खाली येणाऱ्या हायमास्टचं, पट्टा-दोर आणि त्या कामाचा माणूस असल्याशिवाय नाही. सामना थांबलाय म्हणून तर मुळीच नाही. एका स्लॉटचे पैसे परत करा.

दुरुस्तीनंतर दिवे तासभर चालवून तेच अकरा आकडे पुन्हा घेऊन पॅनेलच्या दारावर आतून चिकटवा, तारखेसकट. पुढच्या वेळी तुलनेला काहीतरी असेल. जोड सहा महिन्यांनी एकदा आवळून घ्या, एकदा पावसाळ्याआधी आणि एकदा दिवाळीनंतर.

आणि फोन कराल तेव्हा "लाइट गेली" एवढंच सांगू नका. "दोन नंबरचा खांब, चारही दिवे, 40 मिनिटांनी, पाऊस नव्हता, पंखा जोरात" असं सांगा. गाडीत ड्रायव्हर टाकायचे की लग आणि क्रिंपिंग टूल, ते मला त्यावरूनच ठरवता येतं.